पऱ्हाटीचे मोल : नॅनोसेल्युलोज म्हणजे काय आणि शेतकऱ्याने काय करावे

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



कापसाची शेवटची वेचणी झाली, की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. पांढरे सोने घरात आले, आता या काळ्या काड्यांचे काय करायचे, हा प्रश्न विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कापूस लावणाऱ्याला दरवर्षी पडतो. कोणी ती चिमट्याने उपटून बांधावर रचतो आणि वर्षभर चुलीला लावतो. कोणी कुडाला, कुंपणाला वापरतो. आणि पुष्कळजण शेतातच ढीग करून काडी ओढतात आणि मोकळे होतात.

आता या पऱ्हाटीबरोबर एक नवे नाव कानावर येऊ लागले आहे. ते नाव म्हणजे नॅनोसेल्युलोज. शेतातल्या काडीकचऱ्यातून हा पदार्थ निघतो, तो टनावर नव्हे तर किलोवर विकला जातो, असे कोणी सांगतो. कोणी तर म्हणतो, यंत्र घ्या आणि गावातच कारखाना काढा. तेव्हा यात खरे किती, हे नीट समजून घेतलेले बरे.

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. पऱ्हाटीतून नॅनोसेल्युलोज निघते, हे खरे. पण ते घरी किंवा गोठ्यात करण्याचे काम नव्हे. आणि उद्या त्याचे कारखाने निघाले, तरी सगळ्या महाराष्ट्राची पऱ्हाटी ते घेऊ शकणार नाहीत. म्हणून आपल्या हातात काय आहे, ते ओळखून वागायला हवे. आता हे सारे क्रमाने पाहू.

सेल्युलोज म्हणजे काय?

कुडाची भिंत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. उभ्या काड्या लावायच्या, त्या सुतळीने किंवा वाकाने आडव्या बांधायच्या आणि वरून शेणमातीचा लेप द्यायचा. झाडाच्या काडीची रचना अगदी अशीच असते. त्यातल्या उभ्या काड्या म्हणजे सेल्युलोजचे धागे. त्यांना बांधून ठेवणारी सुतळी म्हणजे हेमिसेल्युलोज. आणि वरचा टणक लेप म्हणजे लिग्निन. लिग्निनमुळे काडी कडक होते, पाण्याने लवकर कुजत नाही आणि जनावराला ती पचत नाही.

सेल्युलोज हा पदार्थ १८३८ साली फ्रान्समधील आन्सेल्म पायेन या रसायनशास्त्रज्ञाने वेगळा करून ओळखला. कापसाच्या तंतूत शंभर भागांपैकी नव्वदहून जास्त भाग सेल्युलोजच असते. म्हणून तर कापसाचे सूत निघते. पऱ्हाटीत ते शंभरात सुमारे चाळीस भाग असते. वाण, जमीन आणि काडीचे वय यांप्रमाणे थोडे कमी-जास्त होते. लिग्निन साधारण पाव भाग असते. उसाच्या चिपाडात सेल्युलोज चाळीसच्या वरच भरते. भाताच्या पेंढ्यात ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. पण पेंढ्याची राख फार पडते, कारण त्यात वाळूसारखी सिलिका असते. केळीच्या खोडाच्या धाग्यातही सेल्युलोज भरपूर असते.

म्हणजे कापूस आपण विकतो आणि त्याच पदार्थाचा मोठा साठा पऱ्हाटीच्या रूपाने जाळून टाकतो. फरक एवढाच, की बोंडातले सेल्युलोज मोकळे असते आणि काडीतले लेपाखाली कोंडलेले असते.

नॅनो म्हणजे किती बारीक?

नॅनो हा शब्द आता तुमच्या ओळखीचा आहे. २०२१ सालापासून नॅनो युरियाच्या बाटल्या दुकानात आल्या. पण नॅनोसेल्युलोज हे खत नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. नॅनो हे फक्त माप आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

डोक्याचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. सेल्युलोजचा जो धागा आपण डोळ्यांनी पाहतो, तो दोरखंडासारखा आहे. दोरखंड उलगडला तर पेड निघतात, पेड उलगडले तर सुतळ्या निघतात आणि सुतळी उलगडली तर तंतू निघतात. तसेच सेल्युलोजचा धागा उलगडत गेलो, तर शेवटी दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळतात. एका केसाच्या जाडीत असे चार ते आठ हजार तंतू शेजारी शेजारी मावतील. या सुट्या केलेल्या तंतूंनाच नॅनोसेल्युलोज म्हणतात.

एवढे बारीक करून मिळते काय? तर बळ मिळते. जाड धाग्यात कुठेतरी कच्चा भाग असतो आणि धागा तिथेच तुटतो. तंतू जितका बारीक आणि सारखा, तितका तो चिवट. शिवाय बारीक तंतूंचा एकमेकांना लागणारा पृष्ठभाग फार मोठा होतो, म्हणून ते एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणीही पुष्कळ धरून ठेवतात.

ते कसे काढतात?

कारखान्यात हे काम तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी साफसफाईची. काडीचे बारीक तुकडे करतात आणि धुऊन माती, खडे काढून टाकतात.

दुसरी पायरी लेप काढण्याची. तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दाबाखाली शिजवतात. त्यात लिग्निन विरघळून काळे पाणी निघते. उरलेला लगदा हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने पांढरा करतात. इथपर्यंतचे काम कागदाच्या कारखान्यासारखेच आहे.

तिसरी पायरी तंतू सुटे करण्याची, आणि खरी मेख इथेच आहे. याला दोन मुख्य वाटा आहेत. एक वाट तेजाबाची. लगदा तीव्र गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठरावीक उष्णतेवर थोडा वेळ ठेवला, की तंतूचे कच्चे भाग विरघळतात आणि तांदळाच्या दाण्यासारखे आखूड, टणक कण उरतात. १९५० च्या सुमारास स्वीडनमध्ये या वाटेची सुरुवात झाली. दुसरी वाट यंत्राची. दूध डेअरीत सायीचे कण फोडायला होमोजिनायझर नावाचे यंत्र असते. दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून जाते आणि कण फुटतात. १९८० च्या आसपास अमेरिकेत संशोधकांनी लाकडाचा पातळ लगदा अशाच यंत्रातून वारंवार काढून पाहिला. तो आंबिलीसारखा घट्ट आणि झिरझिरीत झाला. लगद्याचे तंतू सुटे झाले होते.

या यंत्राच्या वाटेत एक अडचण होती. वीज फार लागत असे. एक टन मालाला वीस-पंचवीस हजार युनिटपर्यंत वीज जाई. पुढे लगद्यावर आधी रसायनाची किंवा जिवाणू-बुरशीपासून मिळणाऱ्या विकरांची प्रक्रिया करण्याच्या पद्धती निघाल्या आणि विजेचा खर्च पुष्कळ खाली आला.

इथे तुमच्या ओळखीची एक गोष्ट येते. हरभरा आणि तुरीच्या मर रोगासाठी आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो. त्याच कुळातली ट्रायकोडर्मा रीसी नावाची एक बुरशी आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू झपाट्याने कुजू लागले. शोध घेतला तेव्हा ही बुरशी कापूस खाते असे कळले. सेल्युलोज तोडणारी विकरे ती मुबलक सोडते. तंबू कुजवणारी ही बुरशी आता बेताने वापरून सेल्युलोजचे बारीक तंतू सुटे करण्याच्या कामी येते. मात्र घरातले बियाण्याचे पाकीट पऱ्हाटीवर टाकून नॅनोसेल्युलोज होणार नाही. त्याने फार तर चांगले कंपोस्ट होईल, आणि तेही काही वाईट नाही.

आपल्याकडे काम कुठे चालले आहे?

मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिला सिरकॉट म्हणतात. तिची स्थापना १९२४ सालची. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वेगळी. ती कापसाच्या पिकावर काम करते आणि सिरकॉट कापूस निघाल्यानंतरच्या कामावर. या सिरकॉटमध्ये कापसाच्या आखूड तंतूंपासून आणि शेतातील अवशेषांपासून नॅनोसेल्युलोज काढण्याच्या पद्धतींवर संशोधन झाले आणि २०१५ साली दिवसाला सुमारे दहा किलो माल काढणारा प्रायोगिक कारखाना तिथे सुरू झाला.

केरळात कोट्टायम येथील महात्मा गांधी विद्यापीठात केळीच्या आणि अननसाच्या पानांच्या धाग्यांवर वाफेच्या दाबाने प्रक्रिया करून नॅनोसेल्युलोज काढले गेले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या केळी बागायतदारांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परदेशात पाहिले, तर कॅनडात २०१२ साली दिवसाला एक टनाचा आणि जपानमध्ये २०१७ साली वर्षाला पाचशे टनांचा कारखाना निघाला. पण हे कारखाने लाकडाच्या लगद्यावर चालणारे. पिकाच्या काडीपासून मोठ्या प्रमाणावर माल काढण्याचे काम त्या मानाने मागे आहे.

त्याचा उपयोग कशाला होतो?

कागदाच्या लगद्यात हे थोडेसे मिसळले, तरी कागद चिवट होतो. चिपाडाचा आणि पेंढ्याचा कागद लाकडाच्या कागदापेक्षा कच्चा असतो, त्याला याचा चांगला आधार मिळतो. वेष्टनाच्या कागदावर याचा पातळ थर दिला, तर हवेतला प्राणवायू आत शिरत नाही आणि आतला पदार्थ टिकतो. मात्र दमट हवेत हा गुण कमी होतो. रंग आणि शाई घट्ट व सारखी ठेवायला ते चालते. जपानमध्ये बॉलपेनच्या शाईत ते वापरले गेले आहे. सिमेंट, रबर, जखमेच्या पट्ट्या आणि जमिनीत ओल धरून ठेवणारे पदार्थ यांत ते वापरून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. प्लास्टिकची जागा काही ठिकाणी ते घेईल, अशी आशा आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही.

थोडे गणित करू

आता पाटी-पेन्सिल घ्या. कोरडवाहू-बागायतीचे मान धरून एका हेक्टरला वाळलेली पऱ्हाटी साधारण दोन ते तीन टन निघते. म्हणजे एकरी सुमारे एक टन. शंभर किलो पऱ्हाटीत चाळीस किलो सेल्युलोज. त्यातले काही शिजवण्यात, धुण्यात जाते. तीस किलो हाती आले असे धरू.

मुंबईच्या प्रायोगिक कारखान्यासारखा दिवसाला दहा किलो माल काढायचा, तर रोज तेहेतीस-चौतीस किलो पऱ्हाटी लागेल. म्हणजे तुमची एक एकराची काडी त्या कारखान्याला जवळजवळ महिनाभर पुरेल! आणि जपानसारखा वर्षाला पाचशे टनांचा मोठा कारखाना आपल्याकडे निघाला, तरी त्याला सोळाशे-सतराशे टन काडी लागेल. एवढी काडी सोळाशे-सतराशे एकरांतून, म्हणजे दोन-चार गावांच्या शिवारातून सहज निघेल.

महाराष्ट्रात कापूस असतो चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास. मग बाकीच्या पऱ्हाटीचे काय?

या गणितातून दोन गोष्टी कळतात. एक, नॅनोसेल्युलोजला किलोचा भाव कितीही असो, काडीला मागणी थोडीच राहणार. माल महाग असतो तो त्यावरच्या प्रक्रियेमुळे, काडीमुळे नव्हे. कापडाचा भाव चढला म्हणून कापसाचा भाव चढतोच असे नाही, हे आपण पाहतच आलो आहोत. दुसरी, पऱ्हाटीचा मोठा हिस्सा दुसऱ्याच वाटांनी मार्गी लावावा लागणार. म्हणून एका नव्या नावावर सगळी मदार ठेवू नका.

गावात कारखाना काढा, असे कोणी म्हणाले तर?

"यंत्र घ्या, माल आम्हीच परत घेऊ" असे सांगत कोणी आला, तर घाईने अंगठा देऊ नका. त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : तयार माल विकत घेणारा कोण? त्याचा लेखी करार दाखवा.

दुसरा प्रश्न : तयार मालात पाणी किती? नॅनोसेल्युलोज बहुधा खळीसारखे ओले असते. शंभर किलो खळीत तंतू दोन-तीन किलोच असू शकतात, बाकी पाणी. भाव खळीचा की कोरड्या तंतूंचा, हे आधी ठरले पाहिजे.

तिसरा प्रश्न : काळ्या पाण्याची व्यवस्था काय? कॉस्टिक सोड्याचे पाणी ओढ्यात सोडले, तर ओढा जातो, विहिरी जातात आणि जमीन चोपण होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पाणी शुद्ध करण्याची सोय असल्याशिवाय ग्रामपंचायतीने होकार देऊ नये.

चौथा प्रश्न : हे काम कोणत्या सरकारी संशोधन संस्थेने तपासले आहे? कागद मागा. तो घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि खात्री करा.

आणि घरी तेजाब किंवा कॉस्टिक सोडा आणून प्रयोग करण्याच्या फंदात तर कोणीच पडू नका. हातापायाला, डोळ्यांना इजा होते. पोराबाळांच्या घरात या वस्तू नकोत.

मग पऱ्हाटीचे आज काय करायचे?

सगळ्यांत आधी गुलाबी बोंडअळीचा विचार करा. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रात काय नुकसान केले, ते कापूसवाल्यांना सांगायला नको. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी झोप घेत पडून राहते. आपण ती पऱ्हाटी बांधावर रचून ठेवतो, आणि पाऊस पडला की पतंग बाहेर निघून नव्या कापसावर जातात. म्हणजे शत्रूला आपणच घरात सांभाळतो. म्हणून पीक डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत संपवा. फरदड घेऊ नका. वेचणी संपल्यावर शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, त्या हिरवी बोंडे खाऊन टाकतात. मात्र नुकतीच फवारणी झालेली नाही, याची खात्री करून घ्या. नंतर पऱ्हाटी मुळासकट काढा आणि रचून न ठेवता लगेच कुट्टी करा. श्रेडर यंत्र एकट्याने घ्यायला महाग पडते. गटाने भाड्याने आणावे.

कुट्टी झाल्यावर तीन वाटा आहेत.

पहिली वाट, जमिनीची. पऱ्हाटी जाळली, की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि जवळजवळ सगळा नत्र धुरातून जातो. मागे राखेत थोडे पालाश उरते. आपल्या जमिनी आधीच कर्बाला भुकेल्या आहेत. कुट्टीचे कंपोस्ट करा. सावलीला किंवा बांधाच्या कडेला ढीग घाला. कुट्टीचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, पुन्हा थर, असे रचत जा. उसाच्या पाचटासाठी एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट जिवाणू अशी शिफारस आहे. पऱ्हाटीलाही त्याच धर्तीवर नत्र, स्फुरद आणि जिवाणू द्यावे लागतात. नेमके प्रमाण कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या. मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओल ठेवा. महिन्याने ढीग वर-खाली करा. पऱ्हाटी पाचटापेक्षा टणक, म्हणून जितकी बारीक कुट्टी तितके लवकर कुजते. ढिगात उष्णता निर्माण होते, तिने अळ्याही मरतात.

दुसरी वाट, इंधनाची आणि फळ्यांची. पऱ्हाटीच्या कुट्टीपासून कांडी कोळसा आणि पेलेट होतात. २०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के असे जैविक इंधन मिसळावे, असे धोरण काढले. पऱ्हाटीच्या भुशापासून लाकडासारख्या फळ्या करण्याची पद्धत सिरकॉटने बसवली आहे. जवळपास असा कारखाना असेल तर चौकशी करा.

तिसरी वाट, अळिंबीची. पऱ्हाटीच्या कुट्टीवर धिंगरी अळिंबी चांगली येते. बचत गटातल्या भगिनींना हे काम घरच्या घरी करता येते, आणि अळिंबी निघून गेल्यावर उरलेला भुसा लवकर कुजून खत होते.

नॅनोसेल्युलोज ही चौथी वाट. ती उद्याची आहे. पण तिच्यासाठी आजपासून तयारी करता येते. कारण विशेष असे, की या चारही वाटांना माल एकाच प्रकारचा लागतो : स्वच्छ, कोरडा आणि बारीक.

माल विकायचा असेल तर

एक. मुळाची माती झटका, नाहीतर मुळाचा भाग तोडून शेतातच टाका. मातीतल्या वाळूने कारखान्याची पाती आणि फटी झिजतात, आणि असा माल परत येतो.

दोन. कुट्टीत प्लास्टिकची सुतळी, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळीचे तुकडे येऊ देऊ नका. टोपलीभर प्लास्टिकने ट्रॉलीभर माल खराब होतो.

तीन. उन्हात वाळवून मगच साठवा. खाली फळ्या किंवा दगड, वरून झाकण. पावसात भिजलेली, बुरशी आलेली काडी लगद्याच्या उपयोगाची राहत नाही.

चार. भाव ठरवताना ओल मोजून ठरवा. हिरवट पऱ्हाटीत निम्मे पाणी असते. तिच्या क्विंटलमध्ये पन्नासच किलो काडी असते. चांगल्या वाळलेल्या मालात बारा टक्के ओल धरली, तर क्विंटलमध्ये अठ्ठ्याऐंशी किलो काडी येते. दोन्हींना एकच भाव कसा? जो वाळवून देतो, त्याला त्याचे दाम मिळालेच पाहिजे.

पाच. एकट्याने विकायला जाऊ नका. अख्खी पऱ्हाटी भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण काट्यावर वजन भरत नाही, आणि भाडे अंगावर पडते. कुट्टी गावातच करून, गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने एकत्र माल द्या.

विकायचे किती, ठेवायचे किती?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पऱ्हाटी म्हणजे कचरा, हे म्हणणेच मुळी चुकीचे. ती जमिनीने दिलेली वस्तू आहे आणि तिच्यात जमिनीचा वाटा आहे. ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत आणि जो दरसाल शेणखत टाकतो, त्याने काही पऱ्हाटी विकली तर बिघडणार नाही. पण ज्याच्या दावणीला जनावर नाही आणि ज्याची जमीन हलकी आहे, त्याने आधी जमिनीला द्यावे. ज्याला पैशाची निकड आहे, त्याने निदान एक वर्ष विकावे आणि एक वर्ष जमिनीला द्यावे.

विकण्याआधी हिशेब असा मांडा : मिळणारा पैसा, त्यातून उपटणी, कुट्टी आणि गाडीभाडे वजा, आणि तेवढ्याच खताची किंमतही वजा. उरले तर विका. न उरले तर शेतात कुजवा. आणि कडबा, कुटार, भुसा ही जनावराच्या तोंडची वैरण आहे. तिला कोणत्याही कारखान्याचा भाव आला, तरी आपली जनावरे उपाशी ठेवून ती विकू नका.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. पऱ्हाटी जाळू नका आणि बांधावर रचूनही ठेवू नका.

२. नॅनोसेल्युलोज खरे आहे. पण ते कारखान्याचे काम आहे, घरचे नव्हे.

३. यंत्र विकणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. माल स्वच्छ, कोरडा, बारीक ठेवा. ओल मोजून आणि गटाने विका.

५. विकण्याआधी जमिनीचा वाटा बाजूला काढा.

बंधू-भगिनींनो, विज्ञानाने काडीतला बारीक तंतू शोधून काढला, ही आनंदाची गोष्ट आहे. उद्या त्यातून दोन पैसे शेतकऱ्याच्या घरी आले, तर त्याहून आनंद होईल. पण ते पैसे यायचे, तर काडी आपल्याकडे शिल्लक असली पाहिजे आणि ती पिकवणारी जमीनही धड राहिली पाहिजे. यंदा वेचणी संपली, की शेजारच्या चार-पाच जणांना बोलवा, कुट्टीचे यंत्र भाड्याने ठरवा आणि एका दिवसात सगळ्यांचा पऱ्हाटीचा प्रश्न मिटवा. काही शंका असतील तर आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा.

नमस्कार.